सलग कोरडी वर्षे आणि यादृच्छिकतेची कसोटी

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याची दक्षिण सीमा गोदावरीने आखलेली आहे आणि जायकवाडी धरणाचा डावा कालवा या तालुक्यातून पुढे परभणीकडे जातो. कालव्याखालच्या जमिनीत ऊस आणि मोसंबी दिसते, तर कालव्याच्या वरच्या अंगाला कपाशी, सोयाबीन आणि तूर मृगापासून परतीच्या पावसापर्यंत आभाळाच्या हवाली असतात. तथापि कालव्यातले पाणीही अखेर पावसाचेच असते आणि तेही नाशिक-नगरकडच्या पाणलोटात पडलेल्या पावसाचे, त्यामुळे २०१२ साली पावसाने ओढ दिली तेव्हा कोरडवाहू पिकांबरोबर जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागाही वाळल्या आणि पंधरा-वीस वर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांना सरपणासाठी तोडावी लागली. अशा प्रदेशात पाऊस किती पडला या प्रश्नाइतकाच तो कोणत्या क्रमाने पडला हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो, कारण दोन बरी वर्षे आणि दोन वाईट वर्षे आलटून पालटून आली तर घरातल्या कणगीवर, विहिरीच्या झऱ्यावर आणि सोसायटीच्या कर्जावर निभाव लागतो. तीच दोन वाईट वर्षे पाठोपाठ आली म्हणजे बाग जाते, बैल विकले जातात आणि माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. बेरीज तीच असली तरी क्रमामुळे आयुष्य बदलते.

क्रमात नियम शोधण्याची खटपट म्हणूनच फार जुनी आहे. पंचांगकर्ते सूर्य ज्या नक्षत्रात प्रवेश करतो तेथपासून त्या वेळच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून, आलेल्या संख्येला नऊने भागून, उरलेल्या बाकीवरून नक्षत्राचे वाहन ठरवतात आणि बेडूक, म्हैस वा हत्ती आला तर पावसाची आशा धरली जाते. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्यतृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यावरून पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते. दर तिसऱ्या वर्षी दुष्काळ, एक आड एक साल, अकरा वर्षांचे सौरडागांचे चक्र असे ठोकताळे पारावर जितक्या खात्रीने सांगितले जातात तितक्याच खात्रीने ते कधी काळी वेधशाळांच्या अहवालांतही मांडले गेले. या सर्व मतांना एक साधा प्रश्न विचारता येतो : समोर असलेल्या वर्षांच्या ओळीत खरोखर काही घडण आहे, की नाणे उडवूनही अशीच ओळ मिळाली असती? या प्रश्नाचे मोजून उत्तर देणारी एक सोपी रीत संख्याशास्त्रात आहे. तिला रन चाचणी म्हणतात आणि प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तीच आहे.

प्रथम ‘यादृच्छिक’ या शब्दाचा अर्थ नीट ठरवणे आवश्यक आहे, कारण बोलण्यात त्याचा वापर ‘कसेही’, ‘अस्ताव्यस्त’ किंवा ‘कारणावाचून’ या अर्थांनी होतो. संख्याशास्त्रात एखादी ओळ यादृच्छिक आहे असे म्हणण्याचा अर्थ इतकाच की तिच्यातील पुढील पदाविषयी अंदाज बांधण्यास मागील पदांची मदत होत नाही. त्या पदांना कारण नसते असा दावा यात नाही. पावसाला कारणे आहेतच आणि ती वातावरणशास्त्राने पुष्कळशी उलगडलीही आहेत, परंतु गेल्या वर्षीचा पाऊस कळल्याने या वर्षीच्या पावसाबद्दलचे अज्ञान कमी होत नसेल, तर त्या विशिष्ट ओळीपुरती ती यादृच्छिक ठरते. म्हणजे यादृच्छिकता हा वस्तूचा गुण असण्यापेक्षा वस्तू आणि तिच्याकडे पाहणारा यांच्यातील नात्याचा गुण आहे, आणि पाहणाऱ्याच्या हाती नवे ज्ञान आले की हे नाते बदलू शकते.

आता रन म्हणजे काय ते पाहू. एखाद्या ओळीत दोनच प्रकारची चिन्हे आहेत असे धरावे, जसे सरासरीपेक्षा अधिक पावसाचे वर्ष ‘ओले’ आणि सरासरीपेक्षा कमी पावसाचे वर्ष ‘कोरडे’. एकाच प्रकारच्या चिन्हांचा जो अखंड पट्टा, ज्याच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या प्रकारचे चिन्ह किंवा ओळीचा शेवट असतो, त्याला रन म्हणतात. येथे त्यासाठी ‘पट्टा’ हाच शब्द वापरला आहे. ओले, ओले, कोरडे, ओले, कोरडे, कोरडे या सहा वर्षांच्या ओळीत दोन ओल्यांचा एक पट्टा, मग एका कोरड्याचा, एका ओल्याचा आणि शेवटी दोन कोरड्यांचा, असे चार पट्टे आहेत. पट्ट्याची लांबी एकही असू शकते, हे मोजताना हमखास विसरले जाते.

तीन ओली आणि तीन कोरडी वर्षे सहा जागी मांडण्याच्या एकूण रीती वीस आहेत आणि त्या कागदावर एका बैठकीत लिहून काढता येतात. त्यांपैकी दोन रीतींत केवळ दोन पट्टे पडतात, कारण सर्व ओली एकीकडे आणि सर्व कोरडी दुसरीकडे राहतात. चार रीतींत तीन, आठ रीतींत चार, चार रीतींत पाच आणि उरलेल्या दोन रीतींत सहा पट्टे पडतात, ज्यांत ओले व कोरडे वर्ष काटेकोरपणे एकाआड एक येते. क्रमामागे काही घडण नसेल, म्हणजे वीसही मांडण्या सारख्याच संभाव्य असतील, तर पट्ट्यांची सरासरी संख्या चार येते आणि दोन्ही टोकांच्या मांडण्या दुर्मीळ असतात. रन चाचणीचा सारा गाभा या वीस मांडण्यांत आहे. पट्टे फारच कमी असतील तर सारखे सारख्याला धरून राहते आहे असा संशय घ्यावा. फारच अधिक असतील तर कोणीतरी किंवा काहीतरी मुद्दाम आलटापालट करते आहे असा संशय घ्यावा. मधल्या संख्यांत योगायोगाला वाव द्यावा. मात्र याच उदाहरणात चाचणीची मर्यादाही दिसते, ती अशी की सहाच वर्षे हाताशी असताना तिन्ही कोरडी वर्षे ओळीच्या एका टोकाला एकत्र आली तरी अशा टोकाच्या मांडणीची संभाव्यता वीसात दोन, म्हणजे दहा टक्के उरते, आणि संख्याशास्त्रात रूढ असलेल्या पाच टक्क्यांच्या सार्थकता पातळीवर, म्हणजे योगायोगालाच नियम समजण्याची चूक शंभरात पाचपेक्षा अधिक वेळा होऊ नये या अटीवर, काहीही सिद्ध होत नाही. सहा वर्षांच्या आठवणीवर नियम सांगणाऱ्यास आणि तो नियम खोडणाऱ्यास, दोघांनाही पुरावा अपुराच आहे.

ओळ लांब झाली की मांडण्या लिहून काढणे अशक्य होते, परंतु पट्ट्यांची अपेक्षित संख्या काढण्याचे सूत्र समजण्यास सोपे आहे. ओळीतील लगतच्या दोन वर्षांमध्ये एक सांधा असतो. एकोणीस वर्षे असतील तर अठरा सांधे. सांध्याच्या दोन बाजूंची वर्षे भिन्न प्रकारची असली तरच तेथे नवा पट्टा सुरू होतो, म्हणून पट्ट्यांची संख्या ही अशा बदलत्या सांध्यांपेक्षा एकाने अधिक असते. कोणत्याही एका सांध्यावर बदल होण्याची संभाव्यता दोन्ही प्रकारांच्या संख्यांवरून काढता येते आणि ती सांध्यांच्या संख्येने गुणली म्हणजे हिशेब असा येतो : ओल्या व कोरड्या वर्षांच्या संख्यांचा गुणाकार करावा, त्याची दुप्पट करावी, तिला एकूण वर्षांनी भागावे आणि भागाकारात एक मिळवावा. प्रत्यक्ष संख्या या अपेक्षेच्या आसपास किती हेलकावते हे सांगणाऱ्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. प्रत्यक्ष आणि अपेक्षित पट्ट्यांतील फरक प्रमाण विचलनाच्या सुमारे दुपटीहून अधिक असेल तरच तो दखल घेण्याजोगा मानतात. पावसाचे वितरण कोणत्या आकाराचे आहे, ते घंटेसारखे सममित आहे की एका बाजूला झुकलेले, हे या चाचणीला ठाऊक असावे लागत नाही. अशा चाचण्यांना अप्राचलीय म्हणतात आणि आकडे ओबडधोबड असलेल्या विषयांत त्यांचा उपयोग अधिक होतो.

या चाचणीला अब्राहम वाल्ड आणि जेकब वोल्फोविट्झ यांची नावे जोडली जातात, कारण त्यांनी १९४० साली पट्टे मोजून दोन नमुने एकाच समष्टीतून आले आहेत की नाहीत हे ठरवण्याची रीत प्रसिद्ध केली. लहान ओळींसाठी लागणारे तक्ते स्वेड आणि आयझेनहार्ट यांनी १९४३ साली छापले व त्यानंतर ही चाचणी कारखान्यांच्या गुणवत्ता-नियंत्रणापासून हवामानाच्या मालिकांपर्यंत सर्वत्र पोचली. वाल्ड यांचा भारताशी आलेला संबंध मात्र दुःखद आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांना चिलखत कोठे बसवावे याचा हिशेब करताना, परतलेल्या विमानांवर जेथे छिद्रे दिसतात त्यापेक्षा जेथे दिसत नाहीत तेथे ते बसवावे, कारण तेथे मार बसलेली विमाने परतलीच नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले होते. आणि हाच विद्वान डिसेंबर १९५० मध्ये भारतात व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना निलगिरीच्या डोंगरात प्रवासी विमान कोसळून पत्नीसह मरण पावला. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळता येईल. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, त्यामुळे जिल्ह्याची म्हणून लांब पर्जन्यमालिका हवी असेल तर ती जुन्या सीमांतील केंद्रांवरून जुळवून घ्यावी लागते. म्हणून येथे भारतीय हवामान विभागाने जाहीर केलेली, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या अखिल भारतीय पावसाची टक्केवारी घेतली आहे, जी दीर्घकालीन सरासरीशी तुलना करून दरवर्षी प्रसिद्ध होते. २००६ सालचा पाऊस जवळजवळ नेमका सरासरीइतकाच असल्याने ते वर्ष कोणत्याच बाजूस टाकता येत नाही, म्हणून ओळ २००७ पासून धरली आहे. २००७ ओले, २००८ आणि २००९ कोरडी, त्यांतही २००९ तर केवळ ७८ टक्क्यांचे, २०१० व २०११ ओली, २०१२ कोरडे, २०१३ ओले, त्यानंतर २०१४ ते २०१८ अशी सलग पाच कोरडी, ज्यांच्या टक्केवाऱ्या अनुक्रमे ८८, ८६, ९७, ९५ आणि ९१ होत्या, मग २०१९ व २०२० ही ११० आणि १०९ टक्क्यांची ओली, २०२१ हे ९९ टक्क्यांचे, म्हणजे निसटते कोरडे, २०२२ ओले, २०२३ हे ९४ टक्क्यांचे कोरडे, आणि २०२४ व २०२५ दोन्ही १०८ टक्क्यांची ओली. एकूण १९ वर्षे, त्यांत ९ ओली व १० कोरडी, आणि पट्टे मोजले तर ते ११ भरतात.

सूत्राप्रमाणे नऊ आणि दहा यांचा गुणाकार नव्वद, त्याची दुप्पट एकशे ऐंशी, तिला एकोणिसाने भागून ९.४७ आणि त्यात एक मिळवून १०.४७ ही अपेक्षित संख्या येते. प्रमाण विचलन सुमारे २.११ आहे. अकरा आणि १०.४७ यांतील फरक प्रमाण विचलनाच्या पावपटच आहे. म्हणजे एकोणीस वेळा नाणे उडवून जशी ओळ मिळाली असती तशीच ही ओळ आहे आणि शून्य परिकल्पना, म्हणजे क्रमामागे काही घडण नाही हे कसोटीला लावलेले गृहीतक, नाकारण्यास कोणताही आधार मिळत नाही.

हा निष्कर्ष मनाला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण त्या ओळीच्या मधोमध असलेला पाच वर्षांचा कोरडा पट्टा आहे. ज्या काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तो काळ केवळ योगायोगाच्या खात्यावर टाकणे अनुभवाचा अपमान वाटतो. परंतु अशा पट्ट्याची संभाव्यता नेमकी मोजता येते. एकोणीस वेळा नाणे उडवल्यास पाच लाख चोवीस हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी निरनिराळ्या ओळी संभवतात आणि त्यांपैकी एक लाख चोवीस हजारांहून अधिक ओळींत कोठे ना कोठे सलग पाच किंवा अधिक काटे आलेले असतात. म्हणजे जवळपास चारांत एक. कोणत्याही बाजूचा, छापेचा वा काट्याचा, असा पट्टा येण्याची संभाव्यता तर चव्वेचाळीस टक्क्यांच्या घरात जाते. मनुष्याची यादृच्छिकतेविषयीची कल्पना वस्तुस्थितीपेक्षा फार नीटनेटकी असते. त्याला वाटते की योगायोग आलटून पालटून येतो, प्रत्यक्षात तो झुंडीने येतो. शेतीच्या व्यवहारात याचा परिणाम असा होतो की दोन वाईट वर्षांनंतर तिसरे हमखास चांगले येणार, या भरवशावर कर्ज काढून बाग लावली जाते. त्या भरवशाला या आकड्यांत कसलाही आधार नाही, तसाच तिसरेही वाईटच जाणार या निराशेलाही नाही.

येथे दोन आक्षेप घेतले पाहिजेत आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की ओले व कोरडे यांच्यामधली रेषा कोण आखते? २०२१ साली देशात सुमारे ८७ सेंटिमीटर पाऊस झाला आणि त्या वेळची सरासरी ८८ सेंटिमीटर धरली जात असल्याने ते वर्ष ९९ टक्क्यांचे ठरले; पुढच्याच वर्षी हवामान विभागाने १९७१ ते २०२० या कालखंडावर आधारलेली सुमारे ८७ सेंटिमीटरची नवी सरासरी स्वीकारली, आणि तिच्याशी ताडून पाहिले तर तेच वर्ष रेषेच्या वर जाते. तसे मानल्यास २०१९ पासून सलग चार ओली वर्षे होतात, पट्टे ११ वरून ९ वर येतात आणि फरकाची दिशाच उलटते. सुदैवाने तो फरक प्रमाण विचलनाच्या सात दशांशाइतकाच असल्याने निष्कर्ष बदलत नाही, पण आभाळातून एक थेंबही अधिक न पडता केवळ कचेरीतील रेषा सरकल्याने दोन पट्टे नाहीसे झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या अडचणीवरचा रूढ उपाय म्हणजे सरासरीऐवजी मध्यक घेणे. सर्व वर्षे चढत्या क्रमाने लावून बरोबर मधले वर्ष जेथे येते तेथे रेषा आखली म्हणजे ती बाहेरून ठरवावी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अखिल भारतीय सरासरी म्हणजे घनसावंगीचा पाऊस नव्हे. हवामान विभागाने देशाचे ३६ उपविभाग पाडले असून त्यांत महाराष्ट्राचे कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार आहेत. २०१६ साली देशाचा पाऊस सरासरीच्या किंचित खाली असताना मराठवाड्यात तो सरासरीच्या वर गेला, म्हणजे ज्याला देशाच्या ओळीत पाच वर्षांचा एक पट्टा म्हटले तो मराठवाड्याच्या ओळीत मध्येच तुटतो. त्याशिवाय, ही चाचणी प्रत्येक वर्षाला एकच चिन्ह देते, त्यामुळे ७८ टक्क्यांचे २००९ आणि ९९ टक्क्यांचे २०२१ तिच्या दृष्टीने सारखेच कोरडे ठरतात. आकारमान फेकून देऊन केवळ क्रम राखणे हाच तिचा सोपेपणा आणि हीच तिची उणीव आहे.

एकोणीस वर्षांवरून मिळालेले उत्तर शंभराहून अधिक वर्षांवर टिकते काय, हे पुण्यात तपासले गेले आहे. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत बी. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०६ पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदींवरून १८७१ पासूनची अखिल भारतीय मालिका सिद्ध केली आणि विविध कसोट्या लावून, देशाच्या मोसमी पावसात दीर्घकालीन चढ वा उतार आढळत नाही व वर्षावर्षांतील फरक मुख्यतः यादृच्छिक स्वरूपाचा आहे, असा निष्कर्ष काढला. त्याआधी कितीतरी वर्षे गिल्बर्ट वॉकर यांनी, जे १९०४ पासून दोन दशके भारतातील वेधशाळांचे प्रमुख होते आणि मूळचे गणिती होते, आवर्तने शोधणाऱ्यांना एक इशारा देऊन ठेवला होता. शंभर निरनिराळ्या चक्रांची तपासणी केली तर त्यांतली काही निव्वळ योगायोगानेही खरी भासतील, म्हणून सर्वांत चांगले दिसणारे एक चक्र निवडून त्याचीच कसोटी घेणे हे फसवणुकीचे आहे आणि निवडलेल्या चक्रासाठी कसोटी तितकीच कडक करावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. भेंडवळच्या भाकितांपैकी खरी ठरलेली तेवढी लक्षात ठेवणारा श्रोता आणि अनेक प्रारूपांपैकी जुळलेले तेवढे छापणारा संशोधक यांच्यातील अंतर या बाबतीत फारसे नाही.

वर्षांच्या ओळीवरून दिवसांच्या ओळीवर उतरले की चित्र पालटते, आणि शेतीच्या दृष्टीने विषयाचा खरा कस येथे लागतो. हवामान विभाग ज्या दिवशी अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस होतो त्यास पावसाचा दिवस मानतो. समजा, एखाद्या गावात जुलै-ऑगस्टमधील तीस दिवसांत चार दिवस झड लागली, मग सहा दिवस उघडीप राहिली, पाच दिवस पाऊस, नऊ दिवस खंड, दोन दिवस पाऊस, तीन दिवस उघडीप आणि अखेरच्या दिवशी एक सर झाली. हे उदाहरण रचलेले आहे, परंतु मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्यास ते अनोळखी वाटणार नाही. पावसाचे दिवस बारा, कोरडे अठरा आणि पट्टे सात. सूत्राप्रमाणे पट्टे १५.४ असावयास हवे होते आणि प्रमाण विचलन सुमारे २.६ आहे, म्हणजे प्रत्यक्ष संख्या अपेक्षेपेक्षा प्रमाण विचलनाच्या तिपटीहून अधिक खाली आहे. येथे शून्य परिकल्पना ठामपणे नाकारली जाते, कारण दिवस नाण्यासारखे उडत नाहीत, ते एकमेकांचा हात धरून येतात.

या हात धरण्यामागची कारणे ज्ञात आहेत. बंगालच्या उपसागरात निर्माण झालेले कमी दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकत मध्य भारत ओलांडण्यास काही दिवस घेते आणि तोवर मराठवाड्यात झड राहते. उलट मोसमी पावसाचा कमी दाबाचा पट्टा उत्तरेस हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला की मध्य भारत आणि दख्खन कोरडे पडतात, आणि ही स्थिती एकदा आली की ती दुसऱ्या दिवशी सहसा मोडत नाही. शिवाय सुमारे दहा ते वीस दिवसांची आणि तीस ते साठ दिवसांची आंदोलने मोसमी पावसात आढळतात. म्हणून काल पाऊस होता की नाही हे कळले तर आजच्याविषयी काहीतरी कळते, जे गेल्या वर्षीच्या पावसावरून या वर्षीविषयी कळत नाही. तेच आभाळ, तेच पाणी, पण वर्षाच्या मापाने यादृच्छिक आणि दिवसाच्या मापाने घडणयुक्त; यात विरोध नाही, कारण यादृच्छिकता प्रत्येक मापावर स्वतंत्रपणे तपासावी लागते. जी व्यक्ती ‘पाऊस लहरी आहे’ एवढे सरसकट विधान करते ती यांपैकी एका मापाविषयीच बोलत असते.

पट्टे अपेक्षेपेक्षा फार अधिक निघणे ही दुसरी बाजू पाऊस क्वचितच दाखवतो, ती माणूस दाखवतो. शंभर वेळा नाणे उडवल्याची कल्पना करून छाप-काटे लिहून काढण्यास सांगितले तर बहुतेक माणसे सलग चार-पाच छापा लिहिण्यास कचरतात आणि वरचेवर पालटत राहतात, हे प्रयोगांतून दिसून आले आहे. त्यामुळे जागेवर न जाता मनाने भरलेली नोंदवही तिच्यातील प्रत्येक आकडा वेगळा पाहिला तर बिनचूक भासते, पण तिच्यातील आकडे मध्यकाच्या वर-खाली मांडून पट्टे मोजले की ते फार निघतात आणि लिहिणाऱ्याचा हात उघडा पडतो. हा काही न्यायालयात टिकणारा पुरावा नव्हे. कोणती वही आधी तपासावी एवढे सांगण्यास तो पुरेसा आहे.

पीक कापणी प्रयोगांत या गोष्टीला प्रत्यक्ष महत्त्व येते. भारतात उत्पादनाचा अंदाज बांधण्यासाठी यादृच्छिक निवडीने शेते घ्यावीत, ही पद्धत घडवण्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याबरोबर सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा होता आणि कापणीचा तुकडा किती मोठा असावा यावर या दोघांत प्रसिद्ध मतभेद झाले. गावातील कोणता गट नंबर घ्यावा आणि त्या शेताच्या कोपऱ्यापासून किती पावले चालून तुकडा आखावा, हे यादृच्छिक संख्यांवरून ठरते. म्हणून त्या संख्याच खरोखर यादृच्छिक आहेत काय, हा प्रश्न मुळाशी येतो. एल. एच. सी. टिपेट यांनी १९२७ साली अशा संख्यांचा पहिला मोठा तक्ता छापला तेव्हा त्यांनी जनगणनेच्या अहवालांतील क्षेत्रफळांचे आकडे वापरले होते, कारण माणसाला मनाने यादृच्छिक संख्या सुचत नाहीत हे संख्याशास्त्रज्ञांना तोवर कळून चुकले होते. अशा तक्त्यांवर ज्या कसोट्या पुढे लावल्या गेल्या त्यांत पट्टे मोजणे हीही एक आहे. रस्त्यालगतचे, जीप सहज पोचेल असे शेत निवडण्याचा मोह कर्मचाऱ्यास होऊ नये यासाठी संख्यांचा हा आटापिटा असतो.

जालन्याच्या बियाणे उद्योगातील क्षेत्रचाचण्यांतही हीच काळजी घ्यावी लागते. एका ओळीत लावलेल्या वाफ्यांच्या उत्पादनातून वाणाची सरासरी वजा करून जे शेषांक उरतात, ते शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने वाचले आणि अधिक-उण्यांचे दोनच लांब पट्टे निघाले, तर फरक वाणाचा नसून जमिनीच्या उताराचा किंवा चोपणपणाचा आहे हे उघड होते. येथे चाचणीचे उत्तर आकड्यांच्या आधी डोळ्यांना दिसते, आणि ते तसे दिसावे यातच तिचे कौतुक आहे.

सलग पट्टा ही कल्पना अखेर शासकीय नियमांतही शिरली. पीक विम्यात हंगामाच्या मध्यावरील प्रतिकूल परिस्थितीसाठी आगाऊ भरपाई देताना महाराष्ट्रात महसूल मंडळांत एकवीस दिवसांहून अधिक काळ पावसाचा खंड पडला आहे काय हे पाहिले जात असे. १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरलेल्या २०२३ च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्यातील गावागावांत याच दिवसांची मोजदाद चालली होती. एकवीस दिवसांचा खंड म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत एकवीस लांबीचा कोरडा पट्टा, आणि पट्ट्याचा स्वभाव असा की विरुद्ध प्रकारचे एकच चिन्ह मध्ये आले की तो तुटतो. अडीच मिलिमीटरची रेषा धरली तर विसाव्या दिवशी मंडळाच्या स्वयंचलित केंद्रावर तीन मिलिमीटरची सर पडल्याने नोंदीतला पट्टा संपतो आणि मोजणी पुन्हा एकापासून सुरू होते, मग ती सर केंद्रापासून दहा किलोमीटरवरच्या शिवारात पोचलेली असो वा नसो, आणि पोचली असली तरी भेगाळलेल्या काळ्या जमिनीत सोयाबीनच्या मुळापर्यंत तिचा ओलावा गेलेला नसला तरी. खरीप २०२५ पासून राज्याने भरपाईचा आधार पीक कापणी प्रयोगांतून मिळणाऱ्या उत्पादनावर आणला आहे. त्यामुळे आता दिवसांच्या पट्ट्याऐवजी गट नंबर निवडणाऱ्या यादृच्छिक संख्येवर आणि त्या संख्येने दाखवलेल्या कोपऱ्यापर्यंत प्रत्यक्ष चालत जाणाऱ्या माणसाच्या पावलांवर घनसावंगीतील शेतकऱ्याचा हिशेब ठरणार आहे.